अशरफभायने पाठवलेलं घड्याळ

"भेट आहे हो ही! माझ्या सख्ख्या बहिणीने अमेरिकेहून पाठवलेली भेट. भेटीवर कसली आलीय ड्यूटी?"

रेखाबाई काउंटरच्या पलीकडून तावातावाने बोलत होत्या. बँकेतल्या जेवणाच्या सुट्टीत कुवेत सिटीहून गाडी हाणत त्या शुवैखच्या या कचेरीत आल्या होत्या, पार्किंग शोधण्यात वीस मिनिटं गेली होती, आणि आता हा माणूस बहिणीने पाठवलेल्या बुटांचे आणि पर्सचे पैसे मागत होता.

"बाई, भेट ती तुमच्यासाठी. कस्टमसाठी तो मालच," अशरफ हमदुले शांतपणे म्हणाला. "डब्यावर गिफ्ट लिहिलंय ते मी वाचलं. पण त्या शब्दाला जुमरुकचे कस्टम अधिकारी भुलत नाहीत. आत काय आहे आणि त्याची किंमत काय, एवढंच ते बघतात."

"मग आधी सांगायला नको का कोणी?"

"सांगितलेलं असतं. वेबसाइटवर अगदी खाली, बारीक अक्षरात. कोणी वाचत नाही. सव्वीस वर्षं मी हेच सांगतोय बाई, बारीक अक्षरं वाचा."

हे सांगताना अशरफची मान किंचित ताठ होई. कस्टममधून माल सोडवणाऱ्या त्या क्लिअरिंगच्या कचेरीत त्याला ना मोठा हुद्दा होता, ना स्वतःची खोली. एक काउंटर, एक फिरती खुर्ची आणि मागे फायलींचं लोखंडी कपाट, एवढाच त्याचा संसार. पण कुठल्या मालावर काय बसतं, कुठला कागद कुठे चालतो आणि कुठे अडतो, हे त्याला तोंडपाठ. आखातात पसरलेले दाभोळकडचे सगळे नातेवाईक त्याला कस्टमवाला अशरफभाय म्हणत. कोणी बहिणीच्या लग्नाचं सोनं नेणार असो, कोणी टीव्ही, फोन आधी अशरफला. आणि अशरफने "नको नेऊ" म्हटलं, की भरलेली बॅग उघडून माणूस ती वस्तू बाहेर काढी.

रेखाबाई पर्समध्ये कार्ड शोधू लागल्या तेवढ्यात अशरफचा फोन थरथरला. सर्फराज आयर्लंड.

नाव वाचलं आणि त्याचं तोंड कडू झालं.

आता हा सर्फराज कोण, तर त्याच्या खालाचा, म्हणजे मावशीचा मुलगा. त्याला दाभोळहून कुवेतला आणला कोणी? अशरफने. त्याच्या व्हिसासाठी मालकाच्या हातापाया कोण पडलं? अशरफ. चौदा महिने रिग्गईच्या दोन खोल्यांच्या घरात, हॉलमधल्या सोफ्यावर त्याला झोपवला कोणी? याच काउंटरच्या शेजारी स्टूल टाकून फाईल कशी लावायची इथपासून शिकवलं कोणी? आणि त्या पठ्ठ्याने काय केलं? कुबरा नावाच्या नर्सशी लग्न केलं. कुबराने इंग्रजीची परीक्षा पास केली, आयर्लंडच्या हॉस्पिटलात नोकरी मिळवली आणि नवऱ्याला घेऊन गेली. बायकोची बॅग धरून गेला, असं अशरफ पहिली दोन वर्षं सगळ्यांना हसत हसत सांगे. तिसऱ्या वर्षी हसणं बंद झालं. सहाव्या वर्षी सर्फराजच्या हातात आयर्लंडचा तांबडा पासपोर्ट आला, आणि यंदा कॉर्क शहरात घर. स्वतःचं. मागे हिरवळ, वर माडी, आणि इथून जा म्हणणारा कोणी नाही. अशरफचा इकामा, म्हणजे कुवेतात राहायचा परवाना, मात्र अजून दरसाल संपत होता, आणि तो नवा होईपर्यंत दरसाल त्याची झोप उडत होती.

"बोल रे," तो फोनवर म्हणाला.

"सलाम भाय. एक सल्ला हवा होता, तुमच्या खात्यातला. माझ्या नावावर कायतरी पार्सल आलंय. कुरिअरवाले म्हणतात, आधी कस्टमचा चार्ज भरा, मग देऊ. मी तर काय मागवलेलं नाय. पाठवणारी इंग्लंडची कुठलीतरी कंपनी हाय."

अशरफच्या हातातला शिक्का हातातच राहिला.

"किती मागतात?"

"चौऱ्याण्णव युरो. इंग्लंड युरोपातून बाहेर पडल्यापासून इथे हेच चाललंय भाय. पूर्वी तिथून काय मागवलं तरी कोणी विचारत नव्हतं. आता लोक हौसेने मागवतात नि दारात बिल बघून कपाळाला हात लावतात. पण मी मागवलंच नाय तर भरू कशाला? कुबरा म्हणते फ्रॉड असेल, असले मेसेज हल्ली रोज येतात. म्हटलं, घरात कस्टमवाला भाय असताना दुसऱ्या कोणाला विचारू?"

फ्रॉड कसला, कर्माचा! ते पार्सल अशरफनेच पाठवलेलं होतं. घर घेतल्याची भेट. अचानक मिळावी म्हणून त्याने सर्फराजला कळूही दिलं नव्हतं.

इंग्लंड युरोपातून बाहेर पडल्याची बातमी त्याला ठाऊक नव्हती असं नाही. वर्षानुवर्षं टीव्हीवर ती कटकट त्याने बघितली होती. पण ती मंत्र्यांची, पासपोर्टांची कटकट. त्याच्या डोक्यातला नकाशा जुना होता. एकदा माल लंडनला उतरला की पुढे डब्लिनपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही, हे त्याने पंधरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचं सामान पाठवताना पाहिलं होतं, आणि ते तसंच डोक्यात राहिलं होतं. आयर्लंड लंडनच्या शेजारी, मग कसली ड्यूटी, असं म्हणून त्याने ऑर्डर ठोकली होती. खालची बारीक अक्षरं वाचलीच नव्हती. दुसऱ्यांना सांगायची गोष्ट होती ती.

"भाय? आवाज येतोय ना?"

समोर रेखाबाई कार्ड हातात धरून उभ्या होत्या. त्यांना शब्दन् शब्द कळत होता. कचेरीत मराठी कळणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि नेमकी आजच ही बाई! दोन मिनिटांपूर्वी आपण हिला बारीक अक्षरांवरून सुनावलं, आणि आता हिच्यादेखत सांगायचं, की बाबा रे, ते मीच पाठवलंय, बिलासकट?

"घेऊ नकोस," अशरफ म्हणाला.

"फ्रॉडच ना?"

"फ्रॉडच. घेणार नाय म्हणून सांग. जाऊ दे परत."

"बरं झालं विचारलं. भाय, तुम्ही हाव म्हणून आम्ही वाचतो."

फोन बंद झाला. रेखाबाईंचा राग कुठल्या कुठे गेला होता. "बघा, किती चटकन सांगितलंत तुम्ही त्यांना. फसले असते बिचारे," असं म्हणत त्यांनी मुकाट्याने कार्ड पुढे केलं. अशरफने त्यांच्या पावतीवर शिक्का मारला तो उलटा पडला, आणि दुसरी पावती करावी लागली.

घड्याळाची कहाणी महिन्याभरापूर्वीची. सर्फराजने घराचा व्हिडिओ पाठवला होता, आणि अदिबाने, म्हणजे अशरफच्या बायकोने, तो एका बैठकीत चार वेळा बघितला. "अगो बया, किचन बघा! आपलं सगळं घर मावेल त्यात." दहावीतली त्यांची मुलगी माहीन म्हणाली, "सो प्रिटी. अब्बा, व्हाय डोन्ट वी मूव्ह?" अशरफने तो व्हिडिओ तोंडावर हसू ठेवून बघितला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडून उगाचच तोंड धुतलं.

नंतर त्याने एकट्याने तो व्हिडिओ पुन्हा काढला. बोटांनी मोठा करून करून बघितला. माडीवरच्या छताच्या कोपऱ्यात ओल आल्यासारखा एक पिवळट डाग त्याला सापडला. त्या दिवशी त्याला दोन घास जास्त गेले.

भेट काय पाठवायची यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. अदिबाचं म्हणणं होतं, कुबराला चांगल्या चादरी पाठवू, थंडीचा मुलूख आहे. अशरफला चादरी नको होत्या. चादर कपाटात जाते, कोणाला दिसत नाही. त्याला अशी वस्तू हवी होती, की दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाने विचारावं, हे कोणी दिलं? शेवटी त्याला इंग्लंडच्या एका दुकानाच्या वेबसाइटवर ते घड्याळ दिसलं. अक्रोडाच्या लाकडाचं, हातभर उंच, लंबकाचं. तासाला आधी चार सुरांची धून वाजायची, मग टोले. धून ऐकायची सोय वेबसाइटवर होती, ती त्याने वीस वेळा तरी ऐकली.

"एवढं महाग?" अदिबा म्हणाली. पगारातला जवळजवळ चौथा हिस्सा जात होता.

"असू दे. भिंतीवर राहील. तासातासाला वाजेल."

"आणि तासातासाला त्याला तुमची आठवण येईल, असंच ना?"

अशरफने मान न वळवता कार्डाचा नंबर टाकला. पण असंच होतं. सर्फराजच्या घरात आपल्या नावाचे टोले पडावेत, त्याने जेवताना, झोपताना ते ऐकावेत, आणि आपण कोणाच्या सोफ्यावर झोपून इथवर आलो ते विसरू नये, एवढ्यासाठी तो पैसे मोजत होता.

त्या दुपारी शुवैखहून घरी आला तेव्हा अदिबा पापलेटांना मसाला लावत होती.

"घड्याळाचं काय झालं? पोचलं?"

अशरफने मोजे काढता काढता सगळं सांगितलं. मोज्यांकडे बघतच सांगितलं.

अदिबाचा हात थांबला. "म्हणजे? आपणच पाठवलं नि आपणच परत पाठवायला सांगितलंत?"

"मग काय सांगू? सव्वीस वर्षं कस्टमात काढली नि भावाला भेट पाठवली ती बिल चिकटवून?"

"हो, तसंच सांगायचं! तो हसला असता. दोन दिवस हसला असता नि विसरला असता."

"त्याचं हसणं मला नको."

"बरं, ती बाई समोर होती म्हणून नाय सांगितलंत, मानलं. ती गेल्यावर फोन करायला काय झालं होतं? हात मोडले होते?"

गाडीत बसल्यावर त्याने दोनदा फोन हातात घेतला होता, दोनदा खाली ठेवला होता. तुम्ही हाव म्हणून आम्ही वाचतो, असं सर्फराज म्हणाला होता. एवढं मोठं घर असलेला माणूस अजून आपल्याला विचारतो, ही एकच गोष्ट अशरफपाशी उरली होती. तीही आपल्याच हाताने त्याच्या हवाली करायची?

"खरं सांगू?" अदिबा म्हणाली. "तुम्हाला त्याचं घर सलतंय."

"कायतरी बोलू नको."

"सलतंय."

"हो, सलतंय!" अशरफ ओरडला. सोफ्यावर कानात इअरफोन घालून बसलेल्या माहीनने वर बघितलं. "सलतंय, मग? मी आणला त्याला. मी शिकवला. साधं बिल वाचता येत नव्हतं त्याला! नि आज त्याला घर, त्याला पासपोर्ट, नि मी अजून दरसाल मालकाच्या दारात इकाम्याचा कागद घेऊन उभा. साठीला मला इथून जा म्हणतील, नि हा तिथे हिरवळीवर खुर्ची टाकून बसेल. काय केलं त्याने माझ्यापेक्षा जास्त? नशीब काढलं, एवढंच ना?"

अदिबाने हात धुतले, पदराला पुसले. "मग मला काय कुबराचं किचन बघून गुदगुल्या होतात? माझ्या ओट्यावर एक पातेलं ठेवलं तर दुसऱ्याला जागा नाय. मलाही सलतं. पण मी माझं सलणं खोक्यात भरून त्यांच्या दारात पाठवत नाय."

"अब्बा," माहीन सोफ्यावरून म्हणाली, "जस्ट टेल हिम. इट्स अ क्लॉक."

अशरफने काही सांगितलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, आणि मग सांगण्याची वेळच निघून गेल्यासारखी झाली. माल परत गेला की दुकानवाले कार्डावर पैसे परत करणार होते. अदिबा दर दोन दिवसांनी विचारी, "आले काय पैसे?" तो म्हणे, "येतील." पैसे काही आले नाहीत. इंग्लंडवाले हल्ली असेच, व्यवहाराला वाईट झालेत, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

दहा दिवसांनी शनिवारी सर्फराजने नव्या घरात कुराणाचा खतम, म्हणजे संपूर्ण पठण, ठेवला. दुआ झाल्यावर सगळ्या घराण्याला व्हिडिओवर बोलावलं होतं. कुवेतमध्ये संध्याकाळचे साडेचार वाजले होते, आयर्लंडात दुपारचे दीड. अदिबाने हिरवा ड्रेस घातला, माहीनला ओढून मध्ये बसवलं, आणि लॅपटॉप टीपॉयवर ठेवला. पडद्यावर चौकटी उघडत गेल्या. दाभोळहून खाला, म्हणजे सर्फराजची आई, चेहरा कॅमेऱ्याच्या इतका जवळ की कपाळच दिसत होतं. मस्कतहून सर्फराजचा धाकटा भाऊ यूसुफ. आणि मधोमध कॉर्कचा तो हॉल, त्यात पांढऱ्या सदऱ्यातला सर्फराज, बाजूला कुबरा, मागे चार-पाच पाहुणे आणि खिडकीतून दिसणारी ती हिरवळ. अशरफची नजर आधी छताकडे गेली. इथून ओल दिसत नव्हती.

सर्फराजने फोन फिरवत घर दाखवलं. हा कोट टांगायचा कोनाडा, हे किचन, हे मागचं दार. प्रत्येक दाराला खाला "माशाल्ला" म्हणत होती आणि अशरफही तिच्यामागून म्हणत होता. कोणी काय दिलं तेही झालं. यूसुफने मिक्सर पाठवला होता. कुबराच्या भावाने गालिचा दिला होता, तो जमिनीवर पसरलेला होता. गालिचा काही फार चांगला नव्हता, हे अशरफने बारकाईने पाहून घेतलं.

"नि अशरफ," खालाचं कपाळ हललं, "तू थोरला ना रे? तुझ्याकडून काय गेलं सर्फराजला?"

अदिबा खाली मान घालून ओढणीची किनार बघू लागली. अशरफचे कान तापले. चादरी पाठवल्या असत्या तर आज सांगता आलं असतं.

"अम्मी, भायने काय दिलं विचारू नको," सर्फराज मध्येच बोलला. "भायने मला चौऱ्याण्णव युरो वाचवून दिले. इथे एक पार्सल आलं होतं माझ्या नावाने, फ्रॉडवाल्यांचं. मी भरणारच होतो पैसे. भायला फोन केला. काउंटरवर गिऱ्हाईक असताना भायने फोन घेतला नि एका मिनिटात सांगितलं, घेऊ नको. सांगा, याच्यापेक्षा मोठी भेट कोणती?"

"माशाल्ला! अशरफला सगळं म्हाईत," खाला म्हणाली. यूसुफने हात उंचावून सलाम ठोकला. "कस्टमवाला भाय जिंदाबाद!" मागचे पाहुणेही हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

अशरफला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. सगळ्या घराण्यासमोर, त्या घरात, सर्फराजच्याच तोंडून! गेल्या सात वर्षांत असं सुख त्याला मिळालं नव्हतं. "अरे, आपलं कामच हाय ते," असं म्हणायला त्याने तोंड उघडलं.

आणि कॉर्कच्या त्या हॉलमधून, कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कुठल्याशा भिंतीवरून, धून वाजली. चार सूर, पाठोपाठ आणखी चार.

सर्फराज एकदम जोरात खोकला. "कुबरा, खीर आण गो खीर, पाहुणे थांबलेत," असं ओरडत त्याने घाईघाईने फोनवर बोट दाबलं आणि त्याच्या चौकटीतला आवाज बंद झाला. पण त्याआधी पहिला टोला सगळ्यांना ऐकू गेला होता. पडद्यावर सर्फराजचे ओठ हलत होते, हात हलत होते, आणि तो पाहुण्यांना काहीतरी सांगत कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा होता.

खालाला काही कळलं नाही. यूसुफलाही नाही. माहीनने मात्र बापाकडे बघितलं, आणि अदिबाने ओढणीची किनार सोडली.

म्हणजे त्याने घेतलं. पैसे भरले आणि घेतलं. घड्याळ कोणाचं तेही त्याला कळलं. भिंतीवर लावलं, आणि आज ती भिंत कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून सगळं घर तिच्याकडे पाठ फिरवून दाखवलं. आणि वर स्वतःच्या आईसमोर, भावासमोर, पाहुण्यांसमोर आपल्यासाठी खोटं बोलला.

घराचा हेवा केला, पासपोर्टचा केला, हिरवळीचा केला. आता त्या पोराच्या मनाचाही करायचा? सोफ्यावर चौदा महिने झोपलेल्या त्या पोराचं मन एवढं मोठं कधी झालं? आपल्या दोन खोल्यांत राहून झालं, की तिथे जाऊन? आपण असे वागलो असतो का? नसतो वागलो. हे त्याला अगदी स्पष्ट कळलं आणि तेच सगळ्यात जास्त लागलं.

सर्फराजच्या चौकटीत आवाज परत आला. "सॉरी हां, नेटवर्क. तर काय म्हणत होतो..."

"सर्फराज," अशरफ म्हणाला. "तो फ्रॉड नव्हता."

"भाय, जाऊ द्या ना ते. झालं ते झालं."

"थांब, बोलू दे. खाला, ऐक. ते पार्सल मी पाठवलं होतं. घर घेतलं म्हणून घड्याळ पाठवलं इंग्लंडहून. इंग्लंड युरोपातून बाहेर पडलाय, आता तिथून आयर्लंडात माल गेला की घेणाऱ्याला पैसे भरावे लागतात, हे मला म्हाईत असायला हवं होतं. नव्हतं. सर्फराजने विचारलं तेव्हा लाज वाटली, म्हणून फ्रॉड म्हटलं. त्याने पदरचे पैसे भरून माझी भेट घेतली."

मग खालाचा चेहरा कॅमेऱ्यापासून मागे सरकला आणि पहिल्यांदा तिचे डोळे दिसले.

"म्हणजे तुला कस्टम येत नाय रे?"

यूसुफला हसू फुटलं. मग कुबराला, मग अदिबाला, आणि माहीन तर पोट धरून हसली. अशरफही हसला, कारण न हसून करतो काय? हसता हसता त्याला दिसलं, की सगळ्यांत सर्फराज तेवढा हसत नव्हता.

"कागदावर तुमचा नंबर होता भाय," तो म्हणाला. "कुरिअरवाल्याला नको सांगायला गेलो नि कागदाच्या शेवटी कुवेतचा, नऊशे पासष्टवाला नंबर दिसला. तुमचा नंबर मला पाठ हाय. कुवेतला आलो तेव्हा पहिला तोच पाठ केला होता." त्याने फोन उचलला आणि उलटीकडच्या भिंतीवर धरला. घड्याळ जिन्याच्या पायथ्याशी होतं, दारातून येणाऱ्याला समोरच दिसेल असं. लंबक हलत होता. वेबसाइटवर दिसायचं त्यापेक्षा ते लहान वाटत होतं.

"छान दिसतंय," अशरफ म्हणाला.

खालाने दुआ केली. पाहुण्यांना खीर वाढली जाऊ लागली. बोलणं दाभोळच्या मासळीच्या भावावर गेलं, माहीनच्या परीक्षेवर गेलं. फोन ठेवायची वेळ आली तेव्हा यूसुफने घसा खाकरला.

"मी बुधवारी निघतोय मस्कतहून. अम्मीसाठी मोठा टीव्ही घेतलाय. मुंबईला उतरल्यावर त्याच्यावर..." इथपर्यंत बोलून तो अडखळला. हे आता कोणाला विचारावं ते त्याला कळेना. खालाने सर्फराजच्या चौकटीकडे बघितलं. कुबरानेही नवऱ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" सर्फराज म्हणाला. "भायला विचारा."

अशरफने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. माहीनच्या हातातली वही ओढून घेतली आणि मागचं कोरं पान उघडलं.

"किती इंची टीव्ही?" त्याने विचारलं. "कंपनी कुठली? पावती हाय काय जवळ? ती बघ नि सगळं नीट सांग, मी लिहून घेतो. तिकडचे आजचे नियम मला म्हाईत नाय. बघून सांगतो."

यूसुफ पावती शोधायला उठला, आणि अशरफ पेन उघडून थांबला.